एका दिवाळीचं इंधनधोरण

ऑक्टोबर तापायला लागला की डोंबिवलीच्या जिन्यांतून भाजणीचा वास वर चढतो. आधी तांदळाचा कोरडा वास, मग डाळींचा, आणि शेवटी धणेजिऱ्याचा. तो आला की काम उरकत आलं असं समजावं. परतीचा पाऊस नुकताच गेलेला असतो, भिंतींना अजून ओल असते, आणि ऊन असं पडतं की गच्चीवरच्या चादरी पापडासारख्या कडक होतात. या दिवसांत मी खिडक्या सताड उघड्या टाकते आणि पंखा बंद ठेवते. पंख्याने वास विस्कटतो असं माझं मत आहे, आणि या वयात मत बदलायची मला काही गरज वाटत नाही.

परवा असाच वास येत होता आणि समोर टीव्हीवर चार तज्ज्ञ भांडत होते. विषय होता ऊर्जा सुरक्षा. कुठल्या देशाने किती तेल साठवलं, कोण कुणाच्या नळावर अवलंबून आहे, उद्या समुद्राची एक वाट बंद झाली तर कुणाचं काय होईल. मी जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्यांचे शब्द मला नवे नव्हते. पण खरं सांगायचं तर हा विषय मी पुस्तकातून शिकलेच नाही. तो मी डोंबिवली पूर्वेच्या एका तीनमजली बिल्डिंगीत, एका दिवाळीत शिकले. शिकवणारी माझी आई होती आणि तिच्या हातात सोऱ्या होता.

ते १९९० साल. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. नकाशात कुवेत कुठे आहे हे आमच्या बिल्डिंगीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण नवरात्र बसेपर्यंत त्या इवल्याशा देशाची झळ आमच्या ओट्यापर्यंत येऊन पोचलेली. गॅसचा नंबर लावला की सिलिंडर कधी येईल ते एजन्सीवाल्यालाच सांगता येत नव्हतं. 'गाडी आली नाही' एवढंच तो सांगायचा, आणि तेही मान वर न करता. रेशनच्या दुकानासमोर रॉकेलची रांग लागायची. त्या रांगेत माणसं कमी आणि डबे जास्त. प्रत्येकाने आपला डबा रांगेत उभा करायचा आणि घरी जाऊन आंघोळ उरकून यायचं. डब्यांवर रंगाने नावं लिहिलेली असत. पुढच्या डब्याला धक्का मारून आपला पुढे सरकवण्याची हिंमत कुणी करत नसे, कारण समोरच्या गॅलऱ्यांतून सगळ्या बायकांचं लक्ष असे.

मी तेव्हा कल्याणला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आंतरकॉलेज वक्तृत्व स्पर्धेसाठी सरांनी माझं नाव दिलेलं आणि विषय होता, देशोदेशींचं ऊर्जाधोरण. मी मोठ्या उत्साहाने ठाण्याच्या ग्रंथालयात जाऊन बसायची. बाहेर टळटळीत दुपार, आत जुन्या कागदांचा थंड वास, आणि माझ्यापुढे सगळं जग उघडलेलं. जपानकडे स्वतःचं तेल जवळजवळ नाहीच, म्हणून ते प्रत्येक गोष्टीत काटकसर करतात. अमेरिकेने समुद्राकाठी जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्यांमध्ये तेल भरून ठेवलंय. फ्रान्सने अणुभट्ट्या उभारल्या. ब्राझील उसाच्या अल्कोहोलवर मोटारी चालवतो. डेन्मार्क पवनचक्क्या उभ्या करतोय. आणि काही श्रीमंत देशांनी आपसात करार केलाय की टंचाई आली तर आपापल्या साठ्यातलं तेल वाटून घ्यायचं. हे शेवटचं वाचून मी अगदी भारावले होते. संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं जेवताना सांगायची. आई भात वाढता वाढता ऐकायची आणि विचारायची, "मग त्या जपानी बायका डाळ कशावर शिजवतात?" पुस्तकात ते दिलेलं नसायचं.

बाबा काही विचारत नसत. ते ठाण्यात वर्तकनगरच्या पुढे एका कारखान्यात फिटर होते आणि तो कारखाना आदल्या वर्षी बंद पडला होता. तेव्हापासून बाबांचा आवाजच बसल्यासारखा झालेला. कुणी काही म्हटलं की 'बघू' म्हणायचे. त्यांचे थोरले भाऊ, आमचे आप्पाकाका, साताऱ्याकडे गावाला असत. त्यांनी स्पष्टच सांगितलेलं की ब्लॉक विका आणि गावाला या, घर आहे, शेत आहे, उपाशी मरणार नाही. यावरही बाबा 'बघू'च म्हणाले. आईला मात्र गावाला जायचं नव्हतं. मी शेवटच्या वर्षाला, धाकटा भाऊ दहावीला, आणि स्वतः आईने या शहरात दहा-पंधरा वर्षांत उभं केलेलं जे काही होतं ते सगळं इथेच. तिने गणपतीतच, टंचाईची चाहूल लागायच्या आधी, एक ऑर्डर घेतली. ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोतले बाबांच्या ओळखीचे काही ड्रायव्हर-कंडक्टर मिळून दिवाळीचा फराळ घरगुती मागवणार होते. चकली, चिवडा आणि शंकरपाळे. आईच्या चकलीला आमच्या भागात नाव होतं. ही ऑर्डर नीट पार पडली तर आणखी मिळतील, घर चालेल आणि डोंबिवलीत राहायचं. नाही तर दिवाळीनंतर सामान बांधायचं. हे आईबाबांमध्ये ठरलेलं होतं आणि मला ते भिंतीपलीकडून कळलेलं होतं.

आणि घरात होता एकच सिलिंडर, तोही वापरातला. उचलला की हलका लागणारा.

चकलीला गॅसच लागतो. हे ज्याने चकल्या केल्या नाहीत त्याला सांगून पटणार नाही. तेल आधी कडकडीत तापवायचं, चकल्या सोडल्या की आच मध्यम करायची, आणि बुडबुडे कमी होईपर्यंत तिथेच धरायची. आच वाढली तर बाहेरून लाल आणि आतून कच्ची. आच पडली तर चकली तेल पिते आणि मऊ होते, मग देवाला दाखवायच्याही लायकीची राहत नाही. रॉकेलच्या स्टोव्हवर केल्या तर पहिल्या घासाला रॉकेल नाकात येतं. आईने हे सगळं बाबांना समजावलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुठे तरी निघून गेले.

ते परत आले ते कल्याणच्या लाकडाच्या वखारीतून भुशाचं पोतं घेऊन. गॅलरीत बसून त्यांनी पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडलं, मध्ये एक बाटली उभी धरली, तिच्याभोवती भुसा ठासून ठासून भरला, आणि बाटली फिरवत फिरवत अलगद काढून घेतली. मध्ये एक गोल धुराडं तयार झालं. खालून कागद पेटवला, आणि थोड्या वेळाने ती शेगडी एका सुरात जळायला लागली. किती दिवसांनी बाबांच्या हाताला काम मिळालेलं. मी लगेच त्यांना म्हटलं, "बाबा, ही आपली अणुभट्टी." भुशाच्या शेगडीची खोड तशीच असते. एकदा पेटली की दुपारभर जळते, पण तिला कमीजास्त करता येत नाही आणि मध्ये विझवताही येत नाही. चिवड्याचे पोहे आणि सगळी भाजणी त्या शेगडीवर निघाली. चकलीचं मात्र तिच्यावर जमेना. बाबांनी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा घाणा जळाला, आणि ते पुन्हा गप्प झाले.

मला वाटतं, त्याच आठवड्यात मी बिल्डिंगीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. वाचनाने डोळे बिघडतात म्हणतात ते खरं असावं, कारण मला दारोदारी देश दिसायला लागले. पहिल्या मजल्यावर पेंडसेकाकू म्हणजे साक्षात जपान. कुकरमध्ये एकावर एक तीन डबे, डाळ रात्रभर भिजवलेली, आणि एक उकळी आली की पातेलं उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायच्या. भात आपोआप मुरायचा. त्यांच्याकडे चहा झाला की त्याच भांड्याच्या उबेवर दूध कोमट व्हायचं. तळमजल्यावर म्हात्रेवहिनी. बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी होती ती मूळची त्यांच्या सासऱ्यांची, म्हणून मागच्या गल्लीत पत्र्याखाली त्यांनी आपली चूल शाबूत ठेवलेली. नारळाच्या झावळ्या, खाडीकडून आणलेलं तिवराचं लाकूड, जे मिळेल ते त्यात जायचं. सगळ्या बिल्डिंगीला गॅसची रडकथा सांगताना बघून त्या मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या त्या गॅसचा काय खरा नाय गो. आमची चूल हाय ना." त्या आमच्या ब्राझील. पण ब्राझीलचंही सगळं सुरळीत नव्हतंच. साखरेला भाव आला की तिथे उसाची साखरच करायचे आणि मोटारी उभ्या राहायच्या. तसा त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला, लाकडं ओली झाली, आणि म्हात्रेवहिनींच्या चुलीतून नुसता धूर निघायला लागला. मग त्या वर येऊन पेंडसेकाकूंच्या दारात बसायच्या आणि डोळे पुसत खाडीला शिव्या घालायच्या.

आणि तिसऱ्या मजल्यावर कर्णिककाका. रेल्वेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सचिव, शुद्ध बोलणारे आणि त्याहून शुद्ध कपडे घालणारे. त्यांच्याकडे भरलेला सिलिंडर आहे अशी कुजबुज होती. कुणी पाहिलेला नव्हता.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, म्हणजे सगळं जग भाषणाने बदलेल असं वाटण्याचं वय. मी कर्णिककाकांना गाठून सोसायटीची सभा बोलवायला लावली. रविवारची सकाळ, त्यांच्याच हॉलमध्ये, खाली सतरंजी आणि मध्ये एक गोल मेज. त्याच्यावर भरतकाम केलेला पांढरा कपडा आणि त्यावर झेंडूची फुलदाणी. मी उभी राहून त्या श्रीमंत देशांच्या कराराबद्दल सांगितलं. प्रत्येक घराने आपल्याकडे किती इंधन आहे ते जाहीर करायचं. ज्याचं संपेल त्याला दुसऱ्याने द्यायचं. नंबर लागला की त्याने परत करायचं. मी छान बोलले, हे मला आजही मान्य आहे. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग एकेकाने जाहीर करायला सुरुवात केली. आमचा अगदी तळाला आलाय. आमचा परवा आडवा करून चालवला. आमचा तर वासच येतो फक्त. कर्णिककाकांनीही घसा साफ करून सांगितलं की त्यांचाही वापरातलाच काय तो एक. त्या सभेच्या हिशेबाने आमच्या सबंध बिल्डिंगीत मिळून एकही भरलेला सिलिंडर नव्हता. करार एकमताने मंजूर झाला आणि वाटून घ्यायला काहीच नव्हतं. कर्णिककाकूंनी चहाचा ट्रे आणून त्या गोल मेजावर ठेवला.

ट्रे ठेवताना कपडा जरासा वर गेला आणि खाली लाल रंग दिसला. मी आईकडे पाहिलं. आई माझ्या आधीच तिकडे बघत होती.

जिना उतरताना मी तणतणत होते. मी म्हटलं, सगळ्यांसमोर कपडा ओढून काढायला हवा होता. आई कठड्याला टेकून हसत सुटली. त्या मेजाला पाय नाहीत हे तिने पहिल्याच क्षणी पाहिलं होतं म्हणे. मग हसू आवरून ती जे बोलली ते मी पुढे कित्येक वर्षं वर्गात शिकवलं, फक्त कुणाचं वाक्य आहे ते सांगितलं नाही.

"साठा मागू नये, वसू. साठा मागितला की माणूस तो लपवतो. आच मागावी."

मला तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला बायका एकमेकींकडे जायच्याच. आज तुझ्याकडे करंज्या, उद्या माझ्याकडे अनारसे, असं चाललेलं असायचं. एकीने लाटायचं, दुसरीने भरायचं, तिसरीने तळायचं, आणि तोंडं सगळ्यांची चालू. त्या वर्षी गॅसच्या भीतीने कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. प्रत्येक दार आतून बंद. आईने कढई, झारा आणि सोऱ्या उचलला, भाजणीचा डबा माझ्या हातात दिला आणि पेंडसेकाकूंचं दार वाजवलं. म्हणाली, तुमच्या चकल्या पाडायला आलेय, माझं पीठही घेऊन आलेय, दोघींच्या बरोबरच होतील. पेंडसेकाकूंच्या चकल्या दर वर्षी मऊ पडायच्या आणि दर वर्षी त्या दोष तांदळाला द्यायच्या. त्यांनी आईला आत घेतलं. पहिले घाणे त्यांचे, मग आमचे. तेल आमचं, आच त्यांची. दुपारपर्यंत पेंडसेकाकूंकडे जन्मात झाल्या नव्हत्या अशा काटेरी चकल्यांचा डबा तयार होता आणि आमच्या ऑर्डरीचा एक भाग उरकलेला होता.

मग दुसरं घर, मग तिसरं. कुणी आईला नाही म्हटलं नाही. सिलिंडर मागायला गेलो असतो तर दारातूनच परत आलो असतो. पण चकली कुणाला नको? आणि आईच्या हातची चकली आपल्याच घरात, आपल्याच ओट्यावर होत असेल तर मुलं शाळेतून धावत येतात, सासऱ्यांची कवळी खुशीत वाजते, आणि गॅस किती जातोय याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. म्हात्रेवहिनींकडे तर ओल्या लाकडांना बाबांच्या भुशाची जोड मिळाली आणि शंकरपाळे त्या चुलीवर निघाले. म्हात्रेवहिनी फुंकणीने जाळ फुलवत बाबांना हुकूम सोडत होत्या आणि बाबा मुकाट्याने भुसा घालत होते. बाबांच्या कपाळाला काजळी लागलेली. मला ते त्या दिवशी फार देखणे वाटले.

शेवटी कर्णिककाकूंचं घर राहिलं. धनत्रयोदशी तोंडावर आलेली, आणि दुसऱ्या दिवशी डेपोतला माणूस डबे न्यायला येणार होता. सकाळी आम्ही तिघी त्यांच्या ओट्याशी, काका बाहेर हॉलमध्ये वर्तमानपत्रात आखाताच्या बातम्या वाचत. त्यांचे घाणे झाले. आमचा पहिला झाला, दुसरा झाला. तिसरा कढईत सोडला आणि आच निळ्याची पिवळी झाली. मग थरथरली. आणि विझली.

आईने बटण फिरवून पाहिलं. काही नाही. कढईत चकल्या होत्या, पीठ भिजवलेलं होतं, आणि तेल निवत चाललेलं. भिजवलेलं पीठ ठेवलं तर चकल्या तुटतात. आईच्या हातात झारा तसाच होता. ती कर्णिककाकूंकडे बघत नव्हती, नुसती कढईकडे बघत होती. मला रडू यायच्या बेतात होतं, कारण मला त्या कढईत आमचा ब्लॉक, माझं कॉलेज आणि साताऱ्याची गाडी असं सगळंच दिसत होतं.

कर्णिककाकू ओट्याला हात टेकून क्षणभर उभ्या राहिल्या. मग बाहेर गेल्या. त्यांनी फुलदाणी उचलली आणि काकांच्या हातात दिली. पांढरा कपडा ओढून घेतला, त्याखालची फळी बाजूला केली. खाली सीलबंद लाल सिलिंडर.

काका हळू आवाजात म्हणाले, "अगं, तो राखीव आहे."

"राखीव कशासाठी असतं ते आज कळलं," काकू म्हणाल्या. "उचला आता, माझी कंबर धरलीये."

आणि कर्णिककाकांनी, त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यानिशी, फुलदाणी सतरंजीवर ठेवली आणि सिलिंडर गडगडत आत आणला. आईने सीलची दोरी ओढली, रेग्युलेटर बसवला, काडी लावली. तेल अजून पुरतं निवालं नव्हतं. तो घाणा थोडा तेलकट झाला, एवढंच. आईने तो ऑर्डरीत घातला नाही, काकांच्या पुढ्यात ठेवला.

तो सिलिंडर त्यांनी का लपवला होता ते मला मागाहून कळलं. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला मार्गशीर्षात येणार होती. बाळाला अंघोळ घालायची तर पाणी तापवायला हवं, बाळंतिणीला शेक हवा, आणि अशा दिवसांत गॅस संपला तर, या भीतीने काकांची झोप उडालेली. मी त्यांना मनातल्या मनात अमेरिका म्हणत होते, आणि ते मात्र एका न जन्मलेल्या बाळाच्या अंघोळीचा विचार करत होते. तेव्हापासून कुठल्याही देशाच्या साठ्याबद्दल वाचलं की मी आधी विचारते, यांच्या घरी कोण यायचंय? प्रत्येक साठ्याच्या तळाशी कसली तरी भीती असते, आणि पुष्कळदा ती भीती खोटी नसते. पण भीतीला दारं लावून बसलं की सगळी बिल्डिंग थंड पडते, हेही तितकंच खरं आहे. ब्राझील आणि जपान, फ्रान्स आणि अमेरिका, यांतला कुठलाच मार्ग एकट्याने पुरा पडत नाही, आणि शहाणे कोण हे विचारण्यात मला आता रस उरलेला नाही.

कर्णिकांच्या घरातली बातमी जिन्याने उतरायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत पेंडसेकाकूंच्या पलंगाखालून एक सिलिंडर निघाला. आणखी कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून निघाले. माझा रविवारी मंजूर झालेला करार खरा सुरू झाला तो त्या दिवशी. कुणी कुणाकडून सही घेतली नाही. कर्णिककाकाच त्याचे सगळ्यात कडक अंमलदार झाले. गॅसची गाडी आली की फाटकाशी उभे राहून ते कुणाकडे आधी जायचं ते ठरवायचे आणि गॅसवाल्यालाही वाद घालू द्यायचे नाहीत. जानेवारीत प्रत्यक्ष लढाई सुरू झाली, टंचाई आणखी वाढली, पण आमच्या बिल्डिंगीत एकही ओटा थंड राहिला नाही. कर्णिकांची मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा त्यांच्याकडे म्हात्रेवहिनींचा सिलिंडर होता. चुलीवाल्या बाईने आपला नंबर त्यांना देऊन टाकला आणि वर बाळंतिणीसाठी खाडीतले ताजे मासेही पाठवले, जे कर्णिककाकूंनी मार्गशीर्ष असूनही गुपचूप शिजवले.

वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरा नंबर मिळाला. परीक्षकांच्या मते माझं भाषण विषयाला सोडून थोडं घरगुती झालं होतं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. त्यांच्याकडे त्या वर्षी फराळ कुणी केला होता कोण जाणे.

आज आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. बटण फिरवलं की आच येते, आणि ती कुठून येते याचा विचार कुणी करत नाही. शेजारची नवी मुलगी विजेच्या शेगडीवर चकल्या करते, त्या बऱ्या होतात. परवा मी तिला माझा सोऱ्या नेऊन दिला आणि दोघींचं पीठ एकत्रच पाडलं. तिच्याकडे इंधनाची काही टंचाई नव्हती. मला जायचं होतं म्हणून गेले.

पण त्या दिवाळीतलं माझ्या मनात सगळ्यात घट्ट बसलंय ते भाऊबीजेच्या दुपारचं. डेपोचे डबे वेळेवर गेले होते आणि तिथल्या लोकांनी संक्रांतीचे तिळाचे लाडूही सांगून ठेवले होते. आप्पाकाका साताऱ्याहून आले. येताना गावच्या घरातली कुठली खोली आम्हाला द्यायची ते ठरवूनच आलेले. चहा झाला, आणि ते बाबांना सरळच म्हणाले की आता उगाच ओढाताण नको, सामान कधी बांधताय ते सांग, मी ट्रक पाठवतो. मी आतल्या खोलीत होते. मला ठाऊक होतं, बाबा 'बघू' म्हणणार.

बाबांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आप्पा, गावाला आम्हाला एक चूल मिळेल. इथे जिन्यातलं कुठलंही दार वाजवलं तरी ती आमची चूल आहे. आम्ही नाही येत."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने ते ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत. तिने पानं घेतली. आमच्या घरात पहिला भात पाहुण्याला, त्यातून थोरल्या दिराला, ही रीत आईने लग्न झाल्यापासून एकदाही मोडली नव्हती. त्या दुपारी ती भाताचं पातेलं घेऊन आली, आप्पाकाकांच्या पानावरून पुढे गेली, आणि आधी बाबांना वाढलं.